हंगामापूर्वीचे आठ दिवस : जिनिंगमधील अपघात कसे टाळता येतील?

31 ऑगस्ट 2019 रोजी सकाळी धुळे जिल्ह्यातील शिरपूरजवळच्या वाघाडी येथे एका रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट झाला आणि किमान 13 जणांचे प्राण गेले. अशा दुर्घटनेची वार्ता देशभर पोहोचते. परंतु ज्या अपघातात एखाद्या मजुराची दोन बोटे जातात, त्याची वार्ता गावच्या वेशीबाहेर क्वचितच जाते. बोटे गमावलेल्या त्या कुटुंबाचे दुःख मात्र आयुष्यभराचे असते. म्हणून आज आम्ही वाचकांचे लक्ष ह्या दुसऱ्या प्रकारच्या अपघातांकडे वेधू इच्छितो. उदाहरण घेत आहोत ते जळगाव व धुळे परिसराच्या नित्य परिचयाच्या जिनिंग-प्रेसिंग उद्योगाचे.

हंगामी कामाचा धोका

दसरा-दिवाळीच्या सुमारास नवा कापूस येऊ लागतो व कित्येक महिने बंद असलेली यंत्रे पुन्हा सुरू होतात. पावसाळ्यात पट्टे सैल पडलेले असतात, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात, बेअरिंगमधील ग्रीस वाळलेले असते. कामगारही बहुधा नवे असतात. अशा रीतीने न तपासलेले यंत्र आणि न शिकवलेला माणूस एकाच दिवशी समोरासमोर येतात. अपघाताचे बीज येथेच आहे.

हंगामी कामगारांकडे दुर्लक्ष होणे ही गोष्ट जुनीच आहे. भारतातील पहिला कारखाना कायदा 1881 साली झाला. यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद त्यात होती. पण वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. सरकी काढणारे कित्येक जिन त्यामुळे बाहेरच राहिले. ही पळवाट बंद होण्यास 1911 साल उजाडावे लागले.

अपघात कसा घडतो?

दुहेरी रोलरच्या जिनमध्ये चामड्याच्या चकत्या बसवलेले दोन रोलर फिरत असतात. ते रुई ओढून घेतात व सरकी खाली पडते. कापूस अडकला की यंत्र थांबवून तो काढावा, हा नियम. पण यंत्र थांबवले तर काम खोळंबते, मुकादम रागावतो. म्हणून हात आत जातो. कधी सफाईसाठी काढलेली संरक्षक जाळी परत बसवली जात नाही आणि साडीचा पदर किंवा गळ्यातील रुमाल पट्ट्यात ओढला जातो. बटण बंद केले तरी फिरता भाग लगेच थांबत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

दुसरा धोका आगीचा. कापसातून आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रावर आपटून ठिणगी उडते. ती रुईत शिरली, तर दाबून बांधलेल्या गाठीच्या पोटात आग दिवसेंदिवस धुमसत राहू शकते. तिसरा धोका सावकाश येतो. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन बिसिनोसिस हा श्वसनविकार होतो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, हे त्याचे लक्षण.

काय करता येईल?

1948 च्या कारखाने अधिनियमात एक अर्थपूर्ण तरतूद होती. चालू यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणे अगदी अपरिहार्यच असेल, तर ते विशेष प्रशिक्षण घेतलेल्या व घट्ट कपडे घातलेल्या प्रौढ कामगारानेच करावे; ते कपडेही कारखान्यानेच द्यावेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 हिने घेतली आहे. कायदा बदलला तरी त्या तरतुदीमागील शहाणपण जुने होत नाही.

आमच्या मते हंगाम सुरू होण्यापूर्वीचे आठ दिवस ह्या कामासाठी राखून ठेवावेत. फिटरने प्रत्येक पट्टा, जाळी, वायर व अग्निशामक नळकांडे पाहून त्याची नोंद वहीत करावी. दुरुस्ती करणाऱ्याने मेन स्विचला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी; काम संपवून जाळी बसवल्यावरच ती बाहेर काढावी. येणाऱ्या कापसातील लोखंड पकडण्यासाठी चुंबक असावा. विडी व काडेपेटी दारावरच काढून घ्यावी.

प्रशिक्षण भाषणातून होत नाही. नव्या कामगाराला यंत्रापाशी नेऊन ते कसे थांबवायचे हे दाखवावे व त्याच्याकडून तसे करून घ्यावे. सातपुड्यातून आलेल्या माणसाला छापील मराठी सूचनाफलकाचा फारसा उपयोग नाही. त्याला पावरी किंवा भिलीत सांगणारा जुना सहकारी हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यंत्र थांबवणाऱ्याला कोणी रागावू नये. कामगाराला शिकवले एक आणि रागावले दुसऱ्यासाठी, तर तो रागावलेलेच लक्षात ठेवतो.

मालकांना हा खर्च वाटेल. परंतु आठ दिवसांचा खर्च हिशेबात मांडता येतो. गेलेला हात कोणत्याही वहीत भरून निघत नाही. येत्या हंगामात आपल्या गावच्या जिनिंगमध्ये पहिला पट्टा फिरण्यापूर्वी मालक, मुकादम व कामगार यांनी एकदा एकत्र बसावे, एवढीच आमची कळकळीची विनंती.