वाचावे, पण भाषांतर करू नये

रब्बी हनिना बेन गमलिएल गालीलमधल्या कबूल या गावी गेले होते, तेव्हाची गोष्ट. सिनेगॉगमध्ये तोराचे, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाचे, वाचन चालू होते. वाचक गुंडाळीतून एकेक हिब्रू वचन वाचायचा आणि शेजारी उभा असलेला दुभाषी, म्हणजे मेतुर्गमान, ते लगोलग लोकांच्या अरमाईक बोलीत सांगायचा. वाचन उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायातल्या बाविसाव्या वचनापाशी आले. याकोबाचा थोरला मुलगा रऊबेन बापाच्या उपपत्नीजवळ गेला, असे तिथे लिहिले आहे आणि त्याच वचनाच्या शेवटी याकोबाला बारा मुलगे होते, एवढे साधे वाक्य आहे. हनिनांनी दुभाष्याला अडवले आणि फक्त शेवटच्या भागाचे भाषांतर करायला सांगितले. तालमुद या ज्यू विद्वानांच्या चर्चांच्या ग्रंथात, मेगिल्ला या भागात, ही हकिकत आहे. विद्वानांनी हनिनांची वाहवा केली, असेही तिथे नोंदले आहे.

विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आज ‘कंटेंट वॉर्निंग’ म्हणजे आशयाची पूर्वसूचना दिली जाते. धर्मग्रंथांवरही अशी सूचना लागते तेव्हा दोन्ही बाजूंनी ओरड होते की हे काहीतरी नवीनच निघाले. नवीन असेल तर ते विद्यापीठातले. धर्मग्रंथातला जड मजकूर कोणासमोर, कसा आणि किती उघडायचा, याचे लेखी नियम निदान अठराशे वर्षांचे जुने आहेत आणि ते त्या ग्रंथांवर जिवापाड श्रद्धा असलेल्या माणसांनीच केलेले आहेत. मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

इ. स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू नियमसंग्रहात हे नियम थोडक्यात दिले आहेत. रऊबेनची कथा वाचावी, पण तिचे भाषांतर करू नये. यहूदा आणि तामार यांची कथा वाचावी आणि भाषांतरही करावे. सोन्याच्या वासराचा पहिला वृत्तांत भाषांतरासह, दुसरा भाषांतराविना. राजा दावीदाचे बथशेबाशी झालेले प्रकरण अनेक प्रतींत ना वाचायचे, ना भाषांतरित करायचे. तोराच्या बाबतीत मात्र मूळ हिब्रू मजकूर कधीच गाळायचा नाही. गुंडाळीतले अक्षरही बदलता येत नाही. कोकणातून मुंबईत आलेल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजाच्या सिनेगॉगांतही तोरा हिब्रूतूनच वाचला जातो. सवलत फक्त दुभाष्याच्या तोंडापुरती होती. हिब्रू जाणणाऱ्याला सगळे कळत होते. न जाणणाऱ्या गर्दीसमोर, लहानथोरांच्या देखत, ते बोलीभाषेत उच्चारायचे की नाही, एवढाच प्रश्न होता.

यापुढची चर्चा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थक्क झालो. तालमुदकार ही यादी वाढवत नेतात आणि शास्ते या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायापाशी येतात. बायबलमधला हा बहुधा सर्वांत भयंकर अध्याय. एक लेवी, म्हणजे लेवी वंशातला पुरुष, आपल्या उपपत्नीला घेऊन बन्यामीन वंशाच्या गिबा गावात रात्रीपुरता उतरतो. गावगुंड घराला वेढा घालतात, तेव्हा तिला बाहेर ढकलले जाते. पहाटे ती दारात येऊन पडते, तिचे हात उंबरठ्यावर असतात. लेवी तिला ऊठ म्हणतो, उत्तर येत नाही. पुढे तिच्या देहाचे बारा तुकडे करून ते इस्राएलभर पाठवले जातात. तिला नावही दिलेले नाही.

ही कथा तरी झाकायची की नाही? तालमुदचा निकाल आहे: वाचावी आणि भाषांतरही करावे. मग लगेच प्रश्न येतो, हे वेगळे सांगायची गरज काय? उत्तर असे की, बन्यामीन वंशाच्या अब्रूसाठी कोणी ती लपवू पाहील, म्हणून सांगावे लागले. रऊबेनच्या कथेत एका घराची लाज राखण्याला या विद्वानांनी मान दिला. गिबाच्या कथेत जमातीची लाज हे कारण त्यांनी साफ नाकारले. झाकण घालण्याआधी ते कोणाच्या बचावासाठी घातले जात आहे हे विचारायचे, ही कसोटी त्यांनी लावली. आजच्या वादांत ती जवळजवळ कोणीच लावत नाही.

ख्रिस्ती परंपरेने वेगळी वाट धरली. अनेक प्रोटेस्टंट चर्च रविवारच्या वाचनांसाठी १९९२ची ‘रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी’ वापरतात, तिच्यात शास्ते ग्रंथातला एक छोटा उतारा आहे. एकोणिसावा अध्याय नाही. जन्मभर दर रविवारी चर्चला जाणाऱ्याच्या कानावरही ती स्त्री येत नाही. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर रोजच्या प्रार्थनांचा ग्रंथ नव्याने बांधला, तेव्हा स्तोत्रसंहितेतली ५८, ८३ आणि १०९ ही शापवाणीची तीन स्तोत्रे पूर्ण वगळली आणि इतर काहींतली वचने गाळली. १९७१च्या अधिकृत निर्देशात कारण दिले आहे ते ‘मानसिक अडचण’ असे. त्याच्याही फार आधी, चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत जेरोमने ज्यूंमधली एक प्रथा नोंदवून ठेवली आहे: उत्पत्तीचा आरंभ, गीतरत्न आणि यहेज्केलाचा आरंभ व शेवट तिशीच्या आत वाचू द्यायचे नाहीत. वयाची अटही अशी जुनीच.

आता विद्यापीठ. मानसिक आघातानंतरच्या विकाराला, म्हणजे पीटीएसडीला, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत १९८० साली जागा मिळाली. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांचे हाल त्यामागे होते. पुढे लैंगिक अत्याचार सोसलेल्यांनी इंटरनेटवरच्या आपापल्या गटांत एकमेकांना आधी सांगून ठेवण्याची पद्धत पाडली आणि तिथून ती वर्गात आली. २०१४मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतल्या विद्यार्थी सिनेटने अभ्यासक्रम पुस्तिकेत अशा सूचना असाव्यात असा ठराव केला. त्याच वर्षी अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेने, एएयूपीने, सक्तीच्या सूचनांना कडाडून विरोध केला. २०१६मध्ये शिकागो विद्यापीठाने नव्या विद्यार्थ्यांना पत्र पाठवून आपण या सूचनांच्या बाजूचे नाही, असे कळवले.

धर्मग्रंथांची पाळी जानेवारी २०१७मध्ये आली. ग्लासगो विद्यापीठात बायबलच्या प्राथमिक अभ्यासक्रमात येशू आणि सिनेमा या विषयावर एक व्याख्यान होते. त्यात क्रूसावरच्या मृत्यूची अंगावर येणारी दृश्ये असतील, हे विद्यार्थ्यांना आधी सांगितले जाते, अशी बातमी ब्रिटिश वृत्तपत्रांत आली आणि हलकल्लोळ माजला. हे विद्यापीठ १४५१ साली पोप पाचव्या निकोलसच्या आज्ञापत्राने स्थापन झालेले. ईश्वरशास्त्राच्या विद्यार्थ्यांना क्रूस सोसवत नाही काय, असे विचारले गेले. मला ही टीका अन्यायाची वाटते. खिळे ठोकण्याचा प्रसंग पडद्यावर मोठा करून दाखवणे आणि शुभवर्तमानातली चार ओळींची नोंद वाचणे यांत फरक आहे. रोमन सत्तेने गुलाम आणि बंडखोरांसाठी राखून ठेवलेली ही छळाची शिक्षा होती. सोन्याचा क्रूस गळ्यात घालून वाढलेल्या मुलाला हे कोणीतरी एकदा सांगितलेच पाहिजे, आणि ती सूचना नेमके तेच सांगत होती.

बायबलच्या वर्गात या प्रश्नाला खरी धार आणली ती फिलिस ट्रिबल या अभ्यासक स्त्रीने. ‘टेक्स्ट्स ऑफ टेरर’ हे त्यांचे पुस्तक १९८४चे. हागार, दावीदाची मुलगी तामार, गिबाची ती अनाम स्त्री आणि इफ्ताहाची मुलगी, या चौघींच्या कथा त्यांनी शब्द न् शब्द लावून वाचल्या. त्यानंतर कित्येक सेमिनरींत हे अध्याय अभ्यासाला आले. वर्गात पंचवीस-तीस जण असतील तर त्यांत अशा हिंसेतून गेलेले कोणी असण्याची शक्यता प्राध्यापकाने धरायलाच हवी. अशा वेळी ‘संवेदनशील मजकूर’ हे मोघम शब्द कुचकामी आहेत. पुढच्या आठवड्यात शास्ते १९, वचने २५ ते २९, सामूहिक बलात्कार आणि देहाची विटंबना, असे स्वच्छ लिहावे. काय येणार आहे ते ठाऊक असले की माणूस तयारीने येतो, किंवा तासाआधी येऊन प्राध्यापकांशी बोलतो.

अशा सूचनांनी त्रास कमी होतो का? ब्रिजलँड, जोन्स आणि बेलेट यांनी २०२३मध्ये बारा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. सूचना दिल्याने मजकूर पाहताना होणारा त्रास घटत नाही, समजही वाढत नाही. उलट आधीची धाकधूक तेवढी वाढते. हा निष्कर्ष मान्य करायला हवा. सूचनेला औषध समजणे चूक आहे. ती पाहुण्याला दिलेली आगाऊ कल्पना आहे आणि तेवढ्यासाठीच द्यावी. आधार द्यायचा तो पुढच्या तासाभरात, ग्रंथ उघडल्यावर, शिक्षकाने.

२०२४मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाची बातमी आली. मध्ययुगीन इंग्रज कवी चॉसर आणि त्याचे समकालीन या अभ्यासक्रमात हिंसा आणि मानसिक आजार यांच्या जोडीला ‘ख्रिस्ती श्रद्धेचे आविष्कार’ असतील, अशी सूचना होती. कँटरबरीला संत थॉमस बेकेटच्या समाधीकडे निघालेल्या यात्रेकरूंच्या कथा श्रद्धेविना असणार कशा? या सूचनेने कोणाला वाचवले, हे सांगता येत नाही. श्रद्धेला जखमांच्या रांगेत बसवण्याचे काम मात्र तिने केले.

आपल्याकडे सूचनेची पायरीच आली नाही, थेट कात्री लागली. ए. के. रामानुजन यांचा ‘तीनशे रामायणे’ हा निबंध दिल्ली विद्यापीठाच्या इतिहासाच्या पदवी अभ्यासक्रमात होता. वाल्मीकी, कंबन, जैन रामकथा, थायलंडचे रामकियेन यांना तो शेजारी शेजारी ठेवतो. २००८मध्ये इतिहास विभागात तोडफोड झाली. नंतर नेमलेल्या चार तज्ज्ञांपैकी तिघांनी निबंध ठेवावा असे मत दिले. तरी २०११मध्ये विद्वत परिषदेने तो काढून टाकला. इथे कोणी विद्यार्थी घायाळ झाल्याची तक्रार नव्हती. बन्यामीन वंशाच्या अब्रूचाच तो युक्तिवाद होता.

हे सगळे पेच एका तासात पाहायला मिळाले ते अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या हॅमलिन विद्यापीठात, ऑक्टोबर २०२२मध्ये. एरिका लोपेझ प्रेटर या हंगामी प्राध्यापिका जागतिक कलेचा इतिहास शिकवत होत्या. रशीद अल्-दीन या इल्खानी वजिराच्या ‘जामी अल्-तवारीख’ या जगाच्या इतिहासातले एक चित्र त्यांना दाखवायचे होते. तब्रीझ इथे चौदाव्या शतकाच्या आरंभी तयार झालेली ही प्रत आता एडिनबरा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. खडकाळ डोंगरावर पैगंबर बसलेले आहेत आणि पंख असलेला गब्रिएल त्यांना पहिला संदेश देतो आहे. मुस्लिम दरबारात, मुस्लिम राज्यकर्त्यासाठी, भक्तिभावाने काढलेले हे चित्र. त्याच वेळी पैगंबरांचे चित्र पाहणेच निषिद्ध मानणारे मुस्लिमही असंख्य आहेत, आणि त्यांची भावना तितकीच खरी आहे.

प्राध्यापिकेने पुस्तिकेत आधीच लिहिले होते. काही अडचण असेल तर भेटा, असेही कळवले होते. ऑनलाइन तासात चित्र पडद्यावर आणण्यापूर्वी पुन्हा सांगितले, नको असेल त्यांना बाजूला होण्याची सवड दिली. तरी एका मुस्लिम विद्यार्थिनीने तक्रार केली. प्रशासनाने हा प्रकार इस्लामद्वेषाचा ठरवला आणि पुढच्या सत्रासाठी आधी बोलून ठेवलेला वर्ग त्यांच्याकडून काढून घेतला. मग इस्लामी कलेच्या अभ्यासक क्रिस्तियान ग्रूबर प्राध्यापिकेच्या पाठीशी उभ्या राहिल्या. मुस्लिम पब्लिक अफेअर्स कौन्सिल या मुस्लिमांच्याच संघटनेने तिची बाजू घेतली. जानेवारी २०२३मध्ये विद्यापीठाने ‘इस्लामद्वेष’ हा शब्द वापरण्यात चूक झाल्याचे कबूल केले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२४मध्ये तडजोड झाली.

त्या विद्यार्थिनीचे दुःख खोटे नव्हते आणि प्राध्यापिकेच्या तयारीतही कसूर नव्हती. दोघींना समोरासमोर बसवून, शेजारी इस्लामी कलेचा एखादा जाणकार घेऊन, त्या चित्रावर तासभर बोलू देणे विद्यापीठाच्या हातात होते. तसे झाले असते तर हिरव्या-तपकिरी डोंगरावरचे ते चित्र कोणी, कोणासाठी आणि कोणत्या भावनेने काढले, हे त्या वर्गाला कळले असते. विद्यापीठाने स्वतःची अब्रू आधी सांभाळली.