जुने भय, नवा पडदा

कामगार चळवळीत उभी हयात घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत भुताच्या चित्रपटावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. विषय ठरवताना आम्हांलाही थोडा संकोच वाटला. आमचे शाळेतले शिक्षण नववीला थांबले. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटातील पुस्तकांनी आणि फिल्म सोसायटीच्या लाकडी खुर्च्यांनी केले. त्याच खुर्चीवर बसून आम्ही प्रथम ‘नोस्फेरातू’ हा जर्मन मूकपट पाहिला. पुढे त्याच कथेवरचे दोन नवे चित्रपट पाहिले. ते पाहून मनात एक प्रश्न घर करून राहिला. जुनी, मान्यता पावलेली कृती पुन्हा घडवायची झाली, तर घडविणाऱ्याने काय घ्यावे, काय टाकावे आणि कोणाचे देणे फेडावे? हा प्रश्न नुसत्या कलेचा नाही, व्यवहाराचा आणि न्यायाचाही आहे. म्हणून तो आपल्यापुढे मांडतो.

प्रथम कथा सांगू. साल १८३८. विसबोर्ग नावाच्या कल्पित जर्मन बंदरात हूटर नावाचा एक तरुण घरांच्या दलालाकडे कारकून आहे. नुकतेच लग्न झाले आहे, हातात पैसा नाही. मालक क्नॉक त्याला दूर कार्पेथियन डोंगरांत पाठवितो. तेथील ओर्लोक नावाच्या सरदाराला विसबोर्गमध्ये घर घ्यायचे आहे. वाटेतले खेडूत त्याला परतायला विनवतात, तो हसतो आणि पुढे जातो. ओर्लोक हे रक्त पिऊन जगणारे प्रेत आहे. तो मातीने भरलेल्या शवपेट्या जहाजात चढवून निघतो. जहाजावरचे खलाशी एकेक करून मरतात, बंदरात उंदीर उतरतात आणि गावात प्लेगची साथ पसरते. शेवटी हूटरची बायको एलेन स्वतःचा जीव देऊन त्या पिशाचाला पहाटेपर्यंत आपल्याजवळ अडकवून ठेवते. सूर्यकिरण अंगावर पडताच ते नाहीसे होते.

हा मूकपट एफ. डब्ल्यू. मुर्नाउ याने १९२१ साली चित्रित केला आणि ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या सभागृहात त्याचा पहिला खेळ झाला. विस्मार आणि ल्यूबेक ही खरी बंदरे, आणि आजच्या स्लोव्हाकियातील ओरावा हा खरा किल्ला त्यात दिसतो. त्या काळचे जर्मन चित्रपट रंगविलेल्या पडद्यांसमोर चालत. मुर्नाउने भूत खऱ्या गल्लीत आणून उभे केले. पैशाची ओढाताण इतकी की, छायाचित्रकार फ्रिट्झ आर्नो वाग्नर याच्यापाशी एकच कॅमेरा होता. रात्रीचे प्रसंगही दिवसाउजेडी घ्यावे लागत आणि मग फिल्म निळ्या रंगात बुडवून रात्र केली जाई. पुढे बिनरंगाच्या प्रती फिरू लागल्या, तेव्हा उजेडाला भिणारे भूत शवपेटी काखोटीला मारून भर उन्हात चाललेले लोकांना दिसे! २००५-०६ साली पॅरिसमध्ये जपलेल्या एका रंगीत प्रतीच्या आधाराने चित्रपटाची दुरुस्ती झाली, तेव्हा ती रात्र परत मिळाली.

आता मुख्य वादाकडे येऊ. ही कथा मुर्नाउच्या मंडळींची नव्हतीच. ती ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून घेतली होती. पटकथाकार हेन्रिक गालेन याने नावे बदलली, स्थळ-काळ बदलला, पण चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कादंबरीचे नाव उघडपणे दिले. परवानगी मात्र घेतली नाही आणि मोबदलाही दिला नाही. स्टोकर १९१२ साली वारले होते. त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी लेखकांच्या संस्थेमार्फत दावा लावला. तोवर ‘प्राणा’ ही निर्माती कंपनी दिवाळखोर झाली होती. वसूल करायला काही उरले नव्हते, म्हणून १९२५ साली जर्मन न्यायालयाने चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. परदेशी गेलेल्या काही प्रती तेवढ्या वाचल्या. आज आपण जे पाहतो, ते त्यांच्यामुळे.

चित्रपटावर लिहिणारे पुष्कळ लोक येथे त्या बाईंना नावे ठेवतात. आम्ही ठेवणार नाही. नवऱ्याच्या श्रमाचा मोबदला मागणारी विधवा आमच्या कचेरीच्या पायरीवर अनेकदा बसलेली आम्ही पाहिली आहे. तिचा हक्क खरा होता. कोणाचे काम वापरायचे, त्याचे नावही घ्यायचे, पण दाम द्यायचा नाही, या व्यवहाराला कलेच्या नावाने पवित्र करता येत नाही. मात्र हक्क खरा असला, तरी शिक्षा चुकली. पगार थकला म्हणून कामगार संप करतो, दरवाजावर बसतो; गिरणी जाळीत नाही. कारण गिरणीत मालकाचे भांडवल असते, तसा शेकडो हातांचा घामही असतो. त्या जाळायच्या फिल्मीत वाग्नरचे छायाचित्रण होते, माक्स श्रेक या नटाचे ते उंदरासारखे दात आणि लांब नखे होती. त्यांनी स्टोकर यांचे काय बुडविले होते?

शिवाय या मंडळींनी घेतले, तसे दिलेही. स्टोकर यांच्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो. सूर्यप्रकाशाने पिशाच मरते, ही आज जगभर रूढ झालेली कल्पना या मूकपटाची देणगी आहे. आमचा पहिला मुद्दा तो हाच : नवी घडण जुन्यात काही भर घालीत असेल, तरच तिला अर्थ आहे; नाही तर ती नुसती नक्कल.

पुढे १९७९ साली वेर्नर हेर्त्सोग याने हा चित्रपट पुन्हा केला. तोवर कादंबरीचे हक्क संपले होते, म्हणून त्याने ड्रॅक्युला हे मूळ नाव परत आणले. क्लाउस किन्स्कीचा ड्रॅक्युला क्रूर असण्यापेक्षा थकलेला वाटतो. मरण येत नाही, हेच त्याचे दुःख. चित्रण हॉलंडमधील डेल्फ्ट गावी चालले होते. हजारो उंदीर सोडायला तेथील अधिकाऱ्यांनी नकार दिला आणि तो भाग स्खीडाम गावी घ्यावा लागला. या चित्रपटात साथीने मरायला टेकलेली माणसे चौकात टेबले मांडून शेवटची मेजवानी करतात, नाचतात. महायुद्धाच्या वेळी जन्मलेल्या जर्मन पिढीने आपल्या घराचे झालेले मोडके चित्र त्यात पाहिले असावे, असे आम्हांला वाटते.

आता अलीकडचा प्रयत्न. अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट एगर्स याने शाळेत असताना याच कथेचे नाटक बसविले होते. त्याचा चित्रपट २०२४ सालच्या नाताळात अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याने कथा आजच्या काळात आणली नाही, १८३८ सालीच ठेवली आणि तो काळ हाताला लागावा इतका नेमका उभा केला. प्रागमध्ये नेपथ्य बांधले, चित्रण फिल्मवर केले, घरातले प्रसंग मेणबत्तीच्या उजेडात घेतले. चांदण्यासाठी छायाचित्रकार जॅरिन ब्लाश्के याने तांबडा रंग गाळणारी काच वापरली. मुर्नाउच्या निळ्या रात्रीचे ते नव्या साधनांनी केलेले स्मरणच म्हणावे. बिल स्कार्सगार्डचा ओर्लोक टकला, उंदीरमुखी नाही; तो मिशा राखलेला, कातडे सडलेला, मेलेला सरदार आहे आणि तो लुप्त झालेली डेशियन भाषा बोलतो. छायाचित्रण, वेशभूषा, नेपथ्य आणि रंगभूषा या चारही कारागिरीच्या अंगांसाठी त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले.

इतकी यातायात कशासाठी? जुने कपडे सुंदर दिसतात म्हणून? आमच्या मते कारण वेगळे आहे. भय हे अज्ञानाच्या मापाचे असते. १७२५ ते १७३२ या काळात सर्बियातील खेड्यांत लोकांनी थडगी उकरून प्रेतांच्या छातीत खुंट्या मारल्या आणि ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी आणि लष्करी वैद्यांनी त्याचे अहवाल लिहून ठेवले. साथीत जो पहिला मेला, तोच बाकीच्यांना ओढून नेतो, असा त्या गरीब माणसांचा तर्क होता. रोगाचे कारण कळत नसता माणसाने काढलेले ते कारण होते. एगर्सचे पिशाच मानेला न चावता छातीवर तोंड लावते, तेही या लोकसमजुतीला धरूनच. ज्याला जंतू ठाऊक आहे, त्या प्रेक्षकाला ही भीती खरी वाटायची, तर त्याला जंतू ठाऊक नसलेल्या घरात नेऊन बसवावे लागते.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना हे दूरचे वाटू नये. ‘ड्रॅक्युला’ लंडनमध्ये छापून निघाली ते १८९७ हे साल आपल्याकडे कशाने ओळखले जाते? प्लेगने. १८९६ साली मुंबई बंदरात साथ प्रकटली, लाखो माणसे शहर सोडून पळाली, गिरण्या ओस पडल्या. पुण्यात गोऱ्या सोल्जरांनी घरे तपासली आणि जून १८९७ मध्ये चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. प्लेगचा जंतू यर्सां याला १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण तो उंदरावरच्या पिसवांतून माणसात येतो, हे सीमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले. तोवर आपले आजे-पणजेही कारण शोधीत होते. पडद्यावरच्या जहाजातून उंदीर उतरताना पाहिले, तेव्हा आम्हांला जर्मनी आठवली नाही, आमच्या आजीने सांगितलेल्या ओस चाळी आठवल्या.

एगर्सने घातलेली दुसरी भर आम्हांला अधिक मोलाची वाटते. मूकपटात ओर्लोक केवळ घराच्या कागदावर सही करतो. नव्या चित्रपटात तो हूटरपुढे न वाचता येणाऱ्या लिपीतला एक कागद ठेवतो, शेजारी सोन्याची थैली. कर्जाने दबलेला हूटर सही करतो. त्या सहीने त्याने आपल्या बायकोवरचा हक्क सोडून दिला, हे त्याला फार उशिरा कळते.

हा प्रसंग पाहताना आम्ही खुर्चीत ताठ बसलो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यातला हेल्पर आमच्याकडे आला होता. मुलीच्या लग्नासाठी उचल मिळेल, असे सांगून त्याची एका इंग्रजी कागदावर सही घेतली होती. तो कागद राजीनाम्याचा निघाला. “अण्णा, मी फक्त सही केली हो,” एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. खटला चार वर्षे चालला आणि थोड्याफार रकमेवर मिटला. नोकरी गेली ती गेलीच. त्या माणसाला पिशाच दाखवायला दात आणि नखे लागत नाहीत. जुन्या कथेतला कारकून आज आमच्या ओळखीचा झाला, तो त्या एका कागदामुळे.

एलेनचेही तसेच. मूकपटात ती त्यागमूर्ती आहे, पण मुकी. नव्या चित्रपटात लिली-रोझ डेप हिची एलेन ओरडते, सांगते, विनवते. आणि शहाणे पुरुष तिला ईथर हुंगवतात, खाटेला बांधतात, झोपतानाही कॉर्सेट घालायला सांगतात. तिचे ऐकले असते तर गाव वाचले असते. घरातल्या बाईचे म्हणणे ‘वायूचा झटका’ म्हणून उडवून लावण्याची सवय फक्त १८३८ सालची नाही, हे येथे बसलेल्या भगिनींना आम्ही सांगायला नको.

दोषही सांगितला पाहिजे. मुर्नाउच्या चित्रपटात एक विलक्षण प्रसंग आहे : साथीने पिसाळलेला जमाव वेड्या क्नॉकलाच पिशाच समजून गल्लीबोळांतून आणि शेतांतून त्याचा पाठलाग करतो. नव्या चित्रपटात तो नाही. ही भूमिका केली होती आलेक्झांडर ग्रानाख याने. तो गॅलिशियातला ज्यू, तरुणपणी बेकरीत कणीक तिंबणारा कामगार. ११ वर्षांनी, १९३३ साली, हिटलर सत्तेवर येताच त्याला जर्मनी सोडावी लागली. पूर्वेकडून परका येतो आणि रोग आणतो, ही भीती मूकपटातही आहेच, आणि ओर्लोकच्या चेहऱ्यात ज्यूंच्या तत्कालीन विद्रूप चित्रांची छाया अनेक अभ्यासकांना दिसते. पण त्याच चित्रपटाने जमावाचा मूर्ख क्रूरपणाही दाखविला होता. आजच्या काळात हा प्रसंग गाळावा, याचे आम्हांला वाईट वाटते. साथीत बळीचा बकरा शोधणारा जमाव १८३८ पेक्षा आपल्याला जवळचा आहे. २०२० साली आपण तो पाहिला.

तात्पर्य, जुनी कृती नव्याने घडविणाऱ्यावर तीन देणी असतात. पहिले, ज्या काळाची कथा त्या काळाचे; तो खोटा करू नये. दुसरे, आपल्या प्रेक्षकाचे; त्याला आपले भय त्यात सापडले पाहिजे. तिसरे, ज्यांच्या श्रमावर आपण उभे आहोत त्यांचे. एगर्सच्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत गालेनची पटकथा आणि स्टोकर यांची कादंबरी, दोन्हींची नावे आहेत. त्या नावांपाशी आम्हांला फ्लॉरेन्सबाई आठवल्या. त्यांना दाम कधीच मिळाला नाही. पण ज्या फिल्मी जाळायचा हुकूम झाला होता, त्या वाचल्या म्हणूनच शंभर वर्षांनी त्यांच्या नवऱ्याचे आणि त्याचे काम न विचारता वापरणाऱ्याचे नाव एकाच पडद्यावर आले. दोघांचेही श्रम खरे होते. हिशेब पुरा झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण खात्यावर नोंद तरी झाली.