राग, रडू आणि दहावीचे गुण

भद्रावती तालुक्यातले माजरी हे वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणींचे गाव. कामगाराच्या घरात दिवसाचा क्रम पाळीवर ठरतो. वडील रातपाळी करून झोपलेले असले की आवाज करायचा नाही, आणि चौदा वर्षांच्या पोराने राग, भीती, रडू सारे गिळायचे. हे बोलायला शाळेत तरी जागा हवी. पण भावना ओळखायला आणि हाताळायला शिकवणाऱ्या सामाजिक-भावनिक शिक्षणाचे नाव काढले की शंका येते : यात वेळ घालवला तर दहावीचे गुण जातील.

तसे होत नाही. 2011 साली जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी अशा 213 शालेय कार्यक्रमांचे अभ्यास एकत्र तपासले. त्यांत 2 लाख 70 हजार विद्यार्थी होते. हे शिक्षण मिळालेली मुले अभ्यासातही सरासरी 11 पर्सेंटाइल पुढे निघाली. याचा अर्थ 11 टक्के गुण वाढले असा नव्हे. शंभरांत ज्याच्या मागे पन्नास मुले होती, त्याच्या मागे आता एकसष्ट आली.

हा संस्कारांचा तासही नव्हे. 'रागावू नये' हे मुलांनी पुष्कळ ऐकलेले असते. इथे सराव होतो : राग चढतोय हे ओळखायचे, हात उगारण्याआधी थांबायचे, मित्राला नाही म्हणायचे, मदत मागायची.

'बिघडलेल्या पोरांसाठी असते हे' हा समज त्याहून घातक. सराव सगळ्यांनाच लागतो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांना मानसिक विकार आढळले. त्यांना मात्र उपचारच हवेत. वर्गातला तास उपचारांची जागा घेत नाही.

आणि शिक्षकांना प्रशिक्षण दिले की काम झाले, असे धोरण आखणाऱ्यांना वाटते. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात 'सेहर' हा मुलांच्या मानसिक आरोग्याचा एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी, तर काहींत प्रशिक्षित समुपदेशकांनी चालवला. हे समुपदेशक काही मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. तरी त्यांच्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणे घटली. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. 2018 साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. आपल्याकडे 2020 पासूनच्या शालेय आरोग्य कार्यक्रमाची भिस्त मात्र प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांवरच आहे. ते पुरेसे नाही. माजरी परिसरातल्या शाळांना मिळून का होईना, एक समुपदेशक मिळायलाच हवा.

पालकांनो, शाळेच्या पुढच्या सभेत ही मागणी लेखी द्या. तोवर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक मुलांच्या वहीत लिहून ठेवा. तो चोवीस तास चालू असतो.