हमीचा करार आणि ग्राहकाचा हक्क – लेखांक सहावा : तेच इंजिन, तोच बिघाड

वॉरंटी म्हणजे विकलेल्या वस्तूत ठरावीक मुदतीत दोष आढळल्यास तो स्वखर्चाने दूर करण्याचे उत्पादकाने दिलेले लेखी वचन, हे मागील लेखांकात पाहिले. हे वचन सर्वाधिक ताणले जाते ते परफॉर्मन्स कार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे वेग आणि प्रवेग यांसाठीच घडवलेल्या मोटारींच्या बाबतीत. या मोटारींची इंजिने मिनिटाला आठ-नऊ हजार फेऱ्यांपर्यंत फिरतात, त्यांच्या भागांमधील फट मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी लागते, आणि सर्वसाधारण इंजिनात वर्षानुवर्षे खपून जाणारी एखादी उणीव येथे संपूर्ण इंजिन निकामी करू शकते. असा बिघाड पुन्हा पुन्हा होतो तेव्हा त्याची दोन रूपे संभवतात. पहिल्या रूपात एकच मोटार त्याच तक्रारीसाठी वारंवार कार्यशाळेत जाते, आणि दुसऱ्यात प्रत्येक मोटारीत बिघाड एकदाच होतो, परंतु तो शेकडो मालकांच्या मोटारींत त्याच ठिकाणी होतो. कायद्याने पहिल्या रूपासाठी बऱ्यापैकी तरतूद केली आहे. दुसऱ्या रूपात मात्र प्रत्येक मालक एकटा पडतो, कारण आपला बिघाड हा अनेकांतला एक आहे याची माहिती त्याच्याकडे नसते. ती असते उत्पादकाकडे. न्याय्य वागणुकीचा सारा प्रश्न या माहितीच्या विषम वाटणीत सामावलेला आहे.

पोर्शे कंपनीच्या एम-९६ या इंजिनाचे उदाहरण यासाठी विशेष उद्बोधक ठरते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉक्स्टर आणि त्यानंतर ९११ या मोटारींत बसवलेल्या या पाण्याने थंड होणाऱ्या सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांच्यामध्ये एक मधला दंड असतो, ज्याला इंटरमीडिएट शाफ्ट म्हणतात. क्रँकशाफ्टची गती साखळीने या दंडाकडे आणि तेथून पुढच्या साखळ्यांनी कॅमशाफ्टकडे जाते, व त्यामुळे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ पिस्टनच्या हालचालीशी जुळलेली राहते. या दंडाचे फ्लायव्हीलकडील टोक ज्या बॉल बेअरिंगवर फिरते ते ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी सीलबंद केलेले होते. कालांतराने सील झिजले की इंजिनातील तेल आत शिरते आणि ग्रीस धुऊन नेते, परंतु तेच सील ताज्या तेलाचा पुरेसा प्रवाह आत येऊ देत नाही, त्यामुळे बेअरिंग वंगणावाचून फिरत राहते. त्यातील गोळ्या फुटल्या की दंड आपली जागा सोडतो, साखळीचे दात चुकतात, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न देता इंजिन संपते. त्याच कंपनीच्या त्याच काळातील ९११ टर्बो आणि जीटी-३ या मोटारींतील वेगळ्या घडणीच्या इंजिनांत हे सीलबंद बेअरिंग नव्हते, आणि २००९ सालच्या मॉडेलांसाठी आणलेल्या नव्या इंजिनातून तर हा मधला दंडच वगळण्यात आला. बेअरिंगची रचनाही मधल्या काळात बदलत गेली होती: सुरुवातीला गोळ्यांच्या दोन रांगांचे, नंतर एका रांगेचे, आणि शेवटी आकाराने मोठे. यांतले शेवटचे तर इंजिनाचा मुख्य साचा उघडल्याशिवाय काढताही येत नाही.

अमेरिकेत या मोटारींना चार वर्षे किंवा ५०,००० मैल, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेवढी वॉरंटी होती, आणि बेअरिंगचा बिघाड बहुधा त्यानंतर उद्भवत असे. पण मुदत हा एकच अडथळा नव्हता. मोटारींच्या बहुतेक मर्यादित वॉरंट्या साहित्यातील किंवा कारागिरीतील दोषांपुरत्याच लिहिलेल्या असतात. साहित्यातील दोष म्हणजे धातू वा रबर निकृष्ट असणे, आणि कारागिरीतील दोष म्हणजे जुळणीत चूक होणे. जो भाग आराखड्याप्रमाणे तंतोतंत बनवला, नीट बसवला, आणि तरीही आराखडाच सदोष असल्यामुळे मोडला, त्याला रचनादोष म्हणतात. आणि असा रचनादोष वॉरंटीच्या या शब्दांत बसत नाही, असे अमेरिकेतील अनेक न्यायालयांनी मानले आहे. याचा परिणाम असा होतो की एखाद्याच मोटारीतील चूक वॉरंटीत येते, आणि सगळ्याच मोटारींत असलेली उणीव वॉरंटीबाहेर राहू शकते. हा अर्थ करारकायद्याच्या दृष्टीने कितीही सुसंगत असला, तरी ग्राहकाच्या बाजूने पाहता तो न्याय्य म्हणता येत नाही, कारण दोष जितका व्यापक तितकी उत्पादकाची जबाबदारी अधिक असायला हवी.

म्हणूनच कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायालयात २०११ साली पोर्शेच्या अमेरिकी कंपनीविरुद्ध समूहदावा दाखल झाला. समूहदावा म्हणजे समान तक्रार असलेल्या सर्वांच्या वतीने थोड्यांनी चालवलेला एकत्रित दावा. त्याचा मुख्य लाभ असा की वाद्यांना कंपनीचे अंतर्गत अभिलेख मागवता येतात, आणि एकट्या मालकाला जे कधीच दिसले नसते ते बिघाडाचे प्रमाण उजेडात येते. दोन रांगांच्या बेअरिंगमध्ये १ टक्क्याहून कमी आणि एका रांगेच्या बेअरिंगमध्ये सुमारे ८ टक्के बिघाड, हे आज सर्वत्र सांगितले जाणारे आकडे याच दाव्यातून पुढे आले. २०१३ साली तडजोड झाली आणि ४ मे २००१ ते २१ फेब्रुवारी २००५ या काळात तयार झालेल्या बॉक्स्टर व ९११ मोटारींना, त्या रस्त्यावर आल्यापासून दहा वर्षे किंवा १,३०,००० मैल या मर्यादेत, दुरुस्तीच्या खर्चाची भरपाई देण्याचे ठरले. मूळ वॉरंटीच्या अडीच पट ही मुदत झाली. तथापि ज्यांची मोटार या तारखांच्या आधी वा नंतर तयार झाली होती, किंवा ज्यांनी दहा वर्षे उलटल्यावर इंजिन गमावले, त्यांच्या हाती या तडजोडीतून काही लागले नाही.

न्यायालयाची पायरी चढण्याआधीच दोष मान्य करणारे उत्पादकही आहेत. बीएमडब्ल्यूच्या एम-३ या मोटारीच्या २००१ ते २००३ च्या मॉडेलांत क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामधील बेअरिंगे जळू लागली, तेव्हा कंपनीने मोटारी बोलावून बेअरिंगे बदलली आणि अमेरिकेत इंजिनाची वॉरंटी सहा वर्षे किंवा १,००,००० मैलांपर्यंत वाढवली. माझ्दाच्या आरएक्स-८ मध्ये पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो, आणि त्याच्या टोकांवरील सील झिजून दाब घटल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २००४ ते २००८ च्या मॉडेलांसाठी रोटरचे कवच व आतील भाग यांची वॉरंटी आठ वर्षे किंवा १,००,००० मैल करण्यात आली. पोर्शेनेही पुढे वेगळे वर्तन केले. २०१४ च्या आरंभी नव्या जीटी-३ मोटारींपैकी दोन युरोपात पेटल्या, तेव्हा तोपर्यंत दिलेल्या सर्व ७८५ मोटारी चालवणे थांबवण्याचे आवाहन कंपनीने मालकांना केले, कनेक्टिंग रॉडचा सैल झालेला बोल्ट हे कारण शोधले, आणि प्रत्येक मोटारीचे संपूर्ण इंजिन बदलून दिले. नंतर त्याच मालिकेत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या छोट्या तरफांची झीज आढळल्यावर इंजिनाची वॉरंटी दहा वर्षे किंवा १,२०,००० मैलांपर्यंत नेली. एकाच कंपनीच्या या दोन वागणुकींतील अंतर दोषाच्या स्वरूपावरून पुरते उलगडत नाही. पेटणारी मोटार लपून राहत नाही. रस्त्याच्या कडेला शांतपणे बंद पडणारी मोटार मात्र राहू शकते.

या मोटारींच्या मालकांना ज्या कारणाने वॉरंटी सर्वाधिक नाकारली जाते ते म्हणजे गैरवापर. बहुतेक करारांत शर्यतीतील वापर वगळलेला असतो, आणि जाहिरातींत मात्र हीच मोटार शर्यतीच्या धावपट्टीवर धावताना दाखवली जाते. गैरवापराचा पुरावा बहुधा मोटारीच्याच पोटात असतो. इंजिनाचा नियंत्रण संगणक ठरलेल्या मर्यादेपलीकडे किती वेळा फेऱ्या गेल्या याची नोंद ठेवतो, आणि चालकाने चुकून खालचा गिअर टाकल्यास चाकेच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवत असल्याने इंधन तोडणारी यंत्रणाही ते रोखू शकत नाही. अशा नोंदी खऱ्या गैरवापरावर नेमके बोट ठेवतात, हे मान्य करायला हवे. पण त्याच नोंदी निर्दोष मालकाची ढालही आहेत, आणि म्हणून दावा नाकारला गेला की या नोंदींची प्रत लेखी मागणे हे मालकाचे पहिले पाऊल असले पाहिजे. अमेरिकेचा १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा येथे मालकाच्या बाजूने उभा राहतो. विशिष्ट कंपनीचेच भाग वा सेवा विकत घ्या, अशी अट घालून वॉरंटी देण्यास तो मनाई करतो. बाहेरचे सायलेन्सर किंवा बाहेरचे तेल वापरले एवढ्यावरून वॉरंटी रद्द होत नाही; त्या बदलामुळेच हा बिघाड झाला हे नकार देणाऱ्याने दाखवायचे असते. याउलट नियंत्रण संगणकातील आज्ञावली बदलून, म्हणजे रिमॅप करून, इंजिनाची शक्ती वाढवली असेल आणि त्यानंतर पिस्टन वितळला असेल, तर कार्यकारणसंबंध दाखवणे कंपनीला अवघड जात नाही.

एकाच मोटारीत पुन्हा पुन्हा होणाऱ्या बिघाडासाठी अमेरिकेतील राज्यांनी केलेल्या कायद्यांना लेमन कायदे म्हणतात, आणि त्यांतला पहिला १९८२ साली कनेटिकटमध्ये झाला. कॅलिफोर्नियात अठरा महिने किंवा १८,००० मैलांच्या आत एकाच दोषासाठी चार वा अधिक वेळा, जीवाला धोका असेल तर दोन वेळा दुरुस्तीचा प्रयत्न झाला, किंवा मोटार एकूण तीस दिवसांहून अधिक कार्यशाळेत राहिली, तर उत्पादकाला दुरुस्तीची पुरेशी संधी मिळाली असे गृहीत धरले जाते. त्यानंतर त्याने मोटार बदलून द्यावी किंवा पैसे परत करावे लागतात. परताव्यातून वापराची वजावट होते, आणि तिचे सूत्र असे: त्या दोषासाठी मोटार पहिल्यांदा कार्यशाळेत आणली तेव्हाचे मैल भागिले १,२०,०००, गुणिले मोटारीची किंमत. एक लाख डॉलरची मोटार ६,००० मैलांवर पहिल्यांदा नेली असेल तर ५,००० डॉलर वजा होतील, आणि तीच तक्रार अंगावर काढून २४,००० मैलांवर नोंदवली असेल तर २०,०००. पहिल्या भेटीच्या जॉब कार्डावर मालकाच्या शब्दांत तक्रार उतरणे किती महत्त्वाचे आहे हे यावरून कळते. ‘तपासणी केली, दोष आढळला नाही’ एवढाच शेरा घेऊन परतणाऱ्या मालकाने आपली तक्रार, किलोमीटरची वा मैलांची नोंद आणि तारीख त्या कागदावर असल्याची खात्री तेथेच करून घ्यावी, कारण दोष सापडला नाही तरी तो सांगितला गेला होता हे सिद्ध करणारा दुसरा कागद सहसा नसतो.

भारतात स्वतंत्र लेमन कायदा नाही. पुणे-मुंबईतील महागड्या मोटारीचा मालकही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याच मार्गाने जातो, आणि मोटारीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, दोन कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करतो. तपासणीवाचून दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, मात्र तिचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुती उद्योगच्या प्रकरणात वॉरंटीचे शब्द प्रमाण मानून सदोष भाग दुरुस्त करणे वा बदलणे एवढेच उत्पादकाचे बंधन असल्याचे म्हटले आणि संपूर्ण मोटार बदलून देण्याचा आदेश टिकवला नाही. जुलै २०२४ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने, २००९ साली विकलेल्या एका सदोष बीएमडब्ल्यू मोटारीबद्दल कंपनीने ५० लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. परंतु त्यासाठी ग्राहकाला जवळजवळ पंधरा वर्षे जावी लागली. गोव्यातील एका ग्राहकाला विक्रेत्याने जुन्या वर्षाची मोटार नवी म्हणून दिल्याच्या प्रकरणात २०२१ साली टाटा मोटर्सला जबाबदारीतून मुक्त करताना, उत्पादकाला या व्यवहाराची माहिती असल्याचे तक्रारीत मांडलेले वा सिद्ध केलेले नव्हते, यावर न्यायालयाने भर दिला. इंजिनाच्या व्यापक दोषाची तक्रार लिहिणाऱ्याने त्यातून नेमका बोध घ्यावा: दोष उत्पादकाला ठाऊक होता असे म्हणणे असेल तर ते, त्याच्या सेवासूचना, बदललेले भागक्रमांक आणि परदेशांतील वाढीव वॉरंट्या यांच्यासह, पहिल्याच अर्जात असले पाहिजे. कायद्याच्या कलम ३५ मध्ये अनेकांच्या वतीने एकत्रित तक्रार करण्याची सोय आहेच, आणि एकाच इंजिनाचे मालक ज्या सहजतेने एकमेकांना ओळखतात ती पाहता तिचा वापर अधिक व्हायला हवा.

परफॉर्मन्स मोटारी आयुष्यातील बराच काळ दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाकडे असतात, आणि येथे कायद्याने अलीकडेच एक पाऊल मागे घेतले आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी असा निर्णय दिला की मूळ वॉरंटीची मुदत शिल्लक असताना वापरलेली मोटार घेतली, तरी एवढ्यानेच ती लेमन कायद्याच्या अर्थाने नवी मोटार ठरत नाही. वॉरंटीचा कागद नव्या मालकाच्या हाती येतो, त्यावरील दुरुस्तीचे वचनही कायम राहते, परंतु ते वचन पुन्हा पुन्हा फसले तर मोटार परत घेण्याची सक्ती आता उत्पादकावर राहत नाही. त्या मालकाला मॅग्नुसन-मॉस कायद्याखाली किंवा गर्भित हमीखाली, म्हणजे विक्रीबरोबर कायद्यानेच मानलेल्या किमान गुणवत्तेच्या आश्वासनाखाली, दाद मागावी लागते. त्या हमीचा विचार पुढील लेखांकात केला आहे.