हात मंद की पडदा?

पन्नाशी ओलांडली की माणूस आपल्या प्रत्येक चुकीचे कारण वयात शोधू लागतो. प्रस्तुत लेखकाचेही तसेच झाले. निमित्त मात्र जरा पोरकट होते.

अकरावीत शिकणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी दिवाळीच्या सुट्टीत घरच्या घरी खेळाचे एक यंत्र तयार केले. तळहातावर मावणारा ‘रास्पबेरी पाय’ नावाचा संगणक, त्यावर जुने खेळ चालविणारी ‘रेट्रोआर्च’ ही प्रणाली आणि जेल रोडवरून आणलेला बिनतारी कंट्रोलर, एवढेच साहित्य. त्यावर १९८५ साली जपानात निघालेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ सुरू झाला आणि मला इंदूरचा आमचा जुना वाडा आठवला. धाकट्या भावाबरोबर कॅसेटवाल्या टीव्ही-गेमवर हाच खेळ मी तासन्‌तास खेळलो होतो.

परंतु आता बटण दाबले तरी मारिओ काठावरून उडी घेईना. तो सरळ खड्ड्यात जाई. दहा वेळा पडल्यावर मी कंट्रोलर खाली ठेवला. “आता हात चालत नाही रे,” मी म्हणालो. त्याचा चेहरा उतरला. “नाही बाबा, माझ्याच जोडणीत काहीतरी चुकलंय.” दोघांनीही दोष स्वतःकडे घेतला, मोजून मात्र कोणीच पाहिले नव्हते.

मग आम्ही मोजले. त्याच्या मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला २४० चित्रे टिपतो. म्हणजे एक चित्र सुमारे ४ मिलिसेकंदांचे. अंगठा आणि पडदा एकाच वेळी दिसतील असे चित्रण करून, बटण दाबल्यापासून मारिओ हलेपर्यंतची चित्रे मोजली. ती ४२ भरली, म्हणजे सुमारे १७५ मिलिसेकंद! धावत्या मारिओला खड्ड्यात पाडावयास एवढा विलंब पुरेसा आहे.

बटणाचा संदेश टपालासारखा टप्प्याटप्प्याने जातो. कुठे किती वेळ अडकतो हे पाहावयाचे, तर एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजावे.

पहिला बदल टीव्हीत केला. जुना चित्रनलिकेचा टीव्ही संकेत येताच ओळीमागून ओळ रेखाटीत असे. आजचा सपाट टीव्ही चित्र आधी साठवतो, उजळतो, त्याची हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवितो. ‘गेम मोड’ लावताच हे सोपस्कार बंद झाले आणि आकडा ४२ वरून २६ वर आला. मुख्य अपराधी सापडला होता.

दुसरा बदल म्हणून ब्लूटूथऐवजी तारेचा कंट्रोलर जोडला : २४. तिसरा बदल रेट्रोआर्चमध्ये. पुढची चित्रे आधीच रांगेत तयार ठेवण्याची संख्या तीनवरून दोनवर आणली : २०.

राहिला खेळाचा स्वतःचा विलंब. हा खेळ सेकंदाला सुमारे ६० चौकटी दाखवितो आणि बटणाला लगेच पुढच्याच चौकटीत प्रतिसाद देत नाही. २०१८ साली रेट्रोआर्चमध्ये आलेली ‘रन-अहेड’ ही सोय खेळ गुप्तपणे पुढे चालवून ही वाया गेलेली चौकट गाळते. मात्र खेळ थांबवून, बटण दाबून धरून, एकेक चौकट पुढे सरकवीत विलंब किती हे आधी मोजावे. त्याहून अधिक आकडा दिला, तर चित्र झटके देते. आम्ही एक चौकट दिली : १६ चित्रे, सुमारे ६७ मिलिसेकंद.

वर्गात उशिरा उत्तर देणाऱ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर ‘मंद’ असा शेरा मी पूर्वी सहज लिहीत असे. प्रश्न त्याच्यापर्यंत केव्हा पोहोचला, वाटेत कुठे अडला, हे मी कधी तपासले नव्हते. त्या संध्याकाळी असे दोन-तीन चेहरे डोळ्यांपुढे आले. खेळातला विलंब दुरुस्त झाला. ते शेरे आता पुसता येणार नाहीत.

परवा पुन्हा खेळावयास बसलो. पहिले दोन खड्डे पार केले, तिसऱ्यात पडलो. “बाबा, ही चूक मात्र तुमचीच हं,” चिरंजीव हसून म्हणाले. ती मी आनंदाने मान्य केली.