आकाशातल्या विहिरीचा भरणा आणि उपसा

श्रोतेहो, विहिरीतले पाणी चढले की आपण म्हणतो, झरे चांगले लागले. पण ते नेहमीच खरे असते का? उपसा थांबला तरी पाणी चढते. आणि झरे जोरात असूनही मोटारी दिवसरात्र चालल्या तर तळ दिसतो. बीडकरांना हे सांगायला नको. आपल्या खजाना विहिरीला तर पाणी आत येण्याची वाट आहे आणि बाहेर नेण्याचीही. नुसती पातळी पाहून कोणत्या वाटेने किती पाणी गेले हे कळत नाही. आज सांगायची गोष्ट अशाच एका विहिरीची. मात्र ती हजारो किलोमीटर उंचीवर आहे आणि तिच्यात पाणी नसून इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण विजेचे अतिसूक्ष्म कण, आहेत.

१९५८ साली अमेरिकेच्या 'एक्सप्लोरर १' या उपग्रहावर व्हॅन ॲलन या शास्त्रज्ञाचे कण मोजणारे यंत्र होते. त्यावरून पृथ्वीभोवती वेगवान कणांचे पट्टे आहेत असे कळले. त्यांतला बाहेरचा पट्टा साधारण १३,००० ते ६०,००० किलोमीटर उंचीवर पसरलेला आहे, आणि तोच इलेक्ट्रॉनांचे मोठे कोठार. गुरुजी वर्गात लोहचुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस टाकतात, तेव्हा रेषा उमटतात ना? पृथ्वीच्याही तशाच चुंबकरेषा आहेत. इलेक्ट्रॉन त्या रेषेभोवती गिरक्या घेतो, सेकंदाच्या आत उत्तरेकडून दक्षिणेकडे झोके घेतो, आणि शिवाय घाण्याच्या बैलासारखी पृथ्वीला प्रदक्षिणा घालतो. ही प्रदक्षिणा मात्र दहा-पंधरा मिनिटांत पुरी होते!

सूर्याकडून विद्युत्कणांचा वारा सतत वाहत असतो. तो खवळला की पृथ्वीवर चुंबकीय वादळ होते. त्याची नोंद ठेवण्यात आपला महाराष्ट्र जुना जाणकार आहे. २ सप्टेंबर १८५९ चे प्रचंड वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोंदले गेले. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने चुंबकसूची बिघडणार, म्हणून हे काम १९०४ साली अलिबागला नेले. तेथे ते आजही चालू आहे.

आता तुम्ही म्हणाल, वादळ आले म्हणजे पट्टा भरणारच. शास्त्रज्ञांनाही पूर्वी तसेच वाटे. पण १९८९ ते २००० या काळातली २७६ वादळे तपासली, तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक वेळा इलेक्ट्रॉन वाढलेले दिसले, सुमारे पाचव्या हिश्श्यात ते घटले, आणि उरलेल्या वेळी फारसा फरकच पडला नाही. अलिबागची सूची वादळ आले एवढे सांगते. विहीर भरली की आटली, ते नाही.

याचे कारण, भरणा आणि उपसा एकाच वेळी चालतो. भरण्याची एक वाट अशी: बाहेरचे इलेक्ट्रॉन आत, जोरदार चुंबकक्षेत्रात ढकलले जातात आणि त्यांची शक्ती वाढते. दुसरी वाट मोठी गमतीची. अवकाशात काही विद्युत्‌लहरी उठतात. त्या ध्वनिवर्धकावर ऐकवल्या तर पहाटे पाखरांचा किलबिलाट चालला आहे असे वाटते. झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा, तशा या लहरी इलेक्ट्रॉनाला जागच्या जागी वेग देतात. ऑक्टोबर २०१२ च्या वादळात, 'व्हॅन ॲलन प्रोब्ज' या दोन यानांनी पट्ट्याच्या ऐन मध्यात इलेक्ट्रॉन जोरावताना पाहिले.

उपशाच्याही दोन वाटा. सूर्यवाऱ्याचा दाब वाढला की पृथ्वीचे चुंबकीय कुंपण आत सरकते, आणि काठावरचे इलेक्ट्रॉन कायमचे बाहेर सुटतात. दुसरीकडे, काही लहरी त्यांच्या झोक्याची दिशा बिघडवतात. मग ते परत न फिरता सुमारे शंभर किलोमीटरवरच्या हवेत घुसतात आणि संपतात.

आपल्याला याचे काय? आपल्या मराठवाड्यावरच्या ढगांची चित्रे पाठवणारा, फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला 'इन्सॅट-३डीएस' सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, म्हणजे याच पट्ट्यात, आहे. वेगवान इलेक्ट्रॉन उपग्रहाचा पत्रा भेदून आतल्या तारांच्या वेष्टणात साचतात, आणि साठा फार झाला की आतल्या आत ठिणगी पडते. एका ठिणगीने यंत्र निकामी होऊ शकते. तेथे मिस्त्री पाठवता येत नाही. आपले 'आदित्य एल-१' जानेवारी २०२४ पासून १५ लाख किलोमीटरवरून सूर्यवारा मोजते आहे. तेथून तो वारा पृथ्वीपाशी यायला साधारण तास लागतो. तेवढ्यात वादळाची वर्दी देता येते. भरणा जिंकेल की उपसा, याचे गणित मात्र अजून जुळवणे चालू आहे.