जुन्या संगणकावरील संचालन प्रणालीचे उन्नतीकरण

जुन्या संगणकावरील संचालन प्रणालीचे उन्नतीकरण म्हणजे वापरातील डेस्कटॉप संगणकाचे यंत्रभाग कायम ठेवून, किंवा त्यांत मोजके बदल करून, त्यावर संचालन प्रणालीची म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती अथवा वेगळी प्रणाली बसवणे होय. बोलचालीत याला संगणक 'अपग्रेड करणे' म्हणतात. यंत्राची क्षमता हा त्यातील एक भाग असून संगणकावरील जुने दस्तऐवज नव्या प्रणालीत वाचता येतील की नाही, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न असतो. मराठी मजकुराच्या बाबतीत तो विशेष नाजूक आहे.

पार्श्वभूमी

मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीला दिलेला आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपल्यावर संगणक बंद पडत नाही. मात्र नव्याने आढळणाऱ्या सुरक्षा त्रुटींवरील दुरुस्त्या मिळेनाशा होतात. त्यामुळे महाजालाशी जोडलेल्या संगणकाचा धोका काळानुसार वाढत जातो. विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा दुरुस्त्यांची एक वर्षाची वाढीव योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तिच्यासाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

पिंपळे सौदागर व परिसर

पिंपळे सौदागर हे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील पवना नदीकाठचे उपनगर आहे. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या सान्निध्यामुळे येथे गृहसंकुलांची दाट वस्ती झाली. भोसरी व चाकण येथील औद्योगिक वसाहतीही याच पट्ट्यात येतात. अशा परिसरात जुना डेस्कटॉप प्रामुख्याने तीन ठिकाणी टिकून राहतो : घरी, गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात आणि लघुउद्योगाच्या कारखान्यात. या तिन्ही ठिकाणच्या गरजा वेगळ्या असल्याने उन्नतीकरणाचा निर्णयही वेगळा होतो.

पात्रतेची तपासणी

विंडोज ११ साठी ६४ बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय फर्मवेअर, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आवश्यक असते. इंटेलचे साधारणतः आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीचे रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर अधिकृत यादीत आहेत. काही संगणकांत टीपीएमची सोय प्रोसेसरमध्येच असते, पण फर्मवेअरच्या मांडणीत ती बंद ठेवलेली असते. इंटेलमध्ये ती पीटीटी, तर एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने दिसते. ती सुरू केल्यावर अपात्र ठरलेला संगणक पात्र ठरू शकतो. प्रोसेसरच यादीबाहेर असेल, तर हा उपाय उपयोगी पडत नाही.

मराठी मजकूर आणि फॉन्ट

युनिकोड प्रचलित होण्यापूर्वी मराठी टंकलेखन श्री-लिपी, सी-डॅकची आयएसएम प्रणाली किंवा कृतिदेवसारखे फॉन्ट यांच्या साहाय्याने होत असे. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. त्यामुळे मूळ फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच दस्तऐवज निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे यांच्या रूपात दिसतो. गृहनिर्माण संस्थेची जुनी इतिवृत्ते किंवा घरातील हस्तलिखितांच्या टंकित प्रती अशा वेळी नष्ट झालेल्या नसतात, पण वाचता येत नाहीत.

हे टाळण्यासाठी केवळ दस्तऐवजांची प्रत घेणे पुरेसे नसते. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधील संबंधित फाइलींचीही प्रत घ्यावी लागते. डिस्क पुसून नवी प्रणाली बसवल्यास त्या नाहीशा होतात. जुनी प्रणाली चालू असतानाच महत्त्वाच्या दस्तऐवजांची, फॉन्ट अंतर्भूत असलेली, पीडीएफ प्रत करून ठेवल्यास मजकुराचे दृश्यरूप टिकते. मात्र त्यातील मराठी शब्द शोधता येण्यासाठी युनिकोडमध्ये रूपांतर आवश्यक असते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी आणि रफार अक्षरानंतर टंकित होतो, तर युनिकोडमधील क्रम उच्चारानुसार असतो. म्हणून रूपांतरानंतर वेलांट्या, रफार, जोडाक्षरे आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' यांसारखी रूपे मुळाशी ताडून पाहावी लागतात.

नव्या प्रणालीचा लाभही मराठीला होतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली, तर रुपयाचे '₹' हे चिन्ह ६.० या आवृत्तीत, २०१० साली समाविष्ट झाले. त्यापूर्वीच्या प्रणालींत या जागी बहुधा रिकामी चौकट दिसते.

जुनी सॉफ्टवेअर आणि जोडलेली यंत्रे

विंडोज ११ केवळ ६४ बिट स्वरूपात उपलब्ध आहे. डॉसच्या काळातील हिशेबाची १६ बिट सॉफ्टवेअर तिच्यावर थेट चालत नाहीत. कारखान्यात संगणकाला आरएस-२३२ पोर्टने सीएनसी यंत्र जोडलेले असल्यास, किंवा सॉफ्टवेअरचा परवाना पॅरलल पोर्टवरील डाँगलमध्ये असल्यास, नव्या प्रणालीसाठी ड्रायव्हर उपलब्ध आहे का, हे आधी तपासावे लागते. तो नसल्यास जुनी प्रणाली तशीच ठेवून संगणक महाजालापासून वेगळा करणे, हा सुरक्षित मार्ग मानला जातो.

प्रक्रिया

उन्नतीकरणापूर्वी सर्व माहितीची प्रत बाह्य डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी लागते. पात्र संगणकावरील विंडोज १० च्या २००४ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवरून, फाइली व सॉफ्टवेअर कायम ठेवून, विंडोज ११ वर जाता येते. विंडोज ७ वरून, तसेच कोणत्याही ३२ बिट प्रणालीवरून ६४ बिट प्रणालीवर जाताना नव्याने स्थापना करावी लागते. यांत्रिक हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यास जुन्या संगणकाचा वेग लक्षणीय वाढतो. बदललेली जुनी डिस्क काही काळ न पुसता जपून ठेवल्यास, अडचण आल्यावर ती परत जोडून पूर्वस्थितीत येता येते.

पर्याय

अपात्र संगणकावर लिनक्सवर आधारित प्रणाली बसवता येते. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही डेबियनवर आधारित प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांना आधार देते. लिनक्स मिंट व लुबुंटू याही प्रचलित आहेत. यांपैकी अनेक प्रणाली डिस्कवर न बसवता पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. त्यामुळे छपाईयंत्र, ध्वनी आणि मराठी कळफलक यांची चाचणी आधीच होते. विंडोजसाठीची जुनी मराठी टंकलेखन सॉफ्टवेअर मात्र त्यांवर थेट चालत नाहीत.

विल्हेवाट

उन्नतीकरण शक्य नसलेला संगणक ई-कचरा ठरतो. त्याच्या व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. असा संगणक भंगारात न देता नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे द्यावा, आणि तत्पूर्वी डिस्कवरील माहितीची प्रत घेऊन ती कायमची पुसावी, असे सुचवले जाते.